रिकाम्या घरातली नक्कल

१

दारिहुनला त्या डब्याचा राग पहिल्या दिवसापासून होता, आणि तिने तो कधी लपवलाही नाही.

डबा म्हणजे गिटारचा प्रोसेसर. चपलांच्या खोक्याएवढा, काळा, वर पायाने दाबायची बटणं. गिटारची वायर एका बाजूने आत घालायची आणि दुसऱ्या बाजूने सरळ साउंडवाल्याच्या टेबलाकडे न्यायची. मधे ॲम्प नाही, स्पीकर नाही. जगातला कुठलाही ॲम्प सांगा, डबा त्याची नक्कल करून दाखवतो, आणि वाजवणाऱ्याला ती कानातल्या इअरफोनमधून ऐकू येते. पाठीवर येणारी हवा नाही, पोटऱ्यांना जाणवणारी थरथर नाही. शिलाँगमधल्या कॅफेवाल्यांना मात्र एकाएकी हेच हवं झालं होतं, कारण म्हणे गिऱ्हाइकांना गप्पा मारता आल्या पाहिजेत. गप्पाच मारायच्या आहेत तर आम्हाला बोलावता कशाला, असं ती एका मालकाला तोंडावर म्हणाली होती, आणि त्या कॅफेत तिच्या बँडला पुन्हा बोलावणं आलं नाही.

गिटार आणि ॲम्पचं हे सगळं तिला मामाने शिकवलं होतं. मामा म्हणजे बाह रोस्टरवेल; इथे पुरुषाला मानाने बाह म्हणतात, बाईला कॉंग. लग्न केलं नाही, त्यामुळे खासी रीतीप्रमाणे बायकोच्या घरी राहायला जायचा प्रश्न आला नाही. बहिणीच्या, म्हणजे दारिहुनच्या आईच्या घरात, मावलाईला, मागच्या खोलीत तो अखेरपर्यंत राहिला. बंद पडलेल्या टॉकीजच्या मशीनमधले व्हॉल्व्ह काढून त्याने स्वतःच्या हाताने एक ॲम्प बनवला होता, पाइनच्या फळ्यांच्या पेटीत. उचलायला दोन माणसं लागायची. पण त्यातून गिटारचा जो आवाज यायचा तो ऐकून रस्त्यावरचे लोक थांबायचे.

नकला घेणारी यंत्रं आली तेव्हा गावोगावचे गिटारवाले मामाच्या दारात उभे राहिले. "बाह, एक नक्कल घेऊ द्या. तुमचा ॲम्प हलवायचासुद्धा नाही." मामा ऐकून घ्यायचा, प्रत्येकाच्या हातावर क्वाय ठेवायचा, सुपारीची फोड आणि चुना लावलेलं पान, आणि म्हणायचा, "मी बंद केला की तो बंद झाला पाहिजे. माझ्यामागे तो कुणी चालू ठेवायचा नाही." वर चहा पाजून परत पाठवायचा.

आयुष्यभर लोकांनी त्याला जेवणावरून उठवलं. कुणाचा रेडिओ बिघडला, कुणाच्या चर्चमधला माइक शिट्ट्या मारतो, कुणाच्या पोराला गिटार लावून हवी. हाक आली की हा उठला. ताटातला जादोहचा भात गार व्हायचा आणि मेइ, म्हणजे दारिहुनची आई, दारात उभी राहून त्या माणसाला आणि भावाला एकदमच शिव्या द्यायची.

मार्चमध्ये मामा गेला. माती दिल्यावर म्हातारी माणसं नेहमीचं तेच म्हणाली, देवाघरी क्वाय खायला गेला. दारिहुनने ते वाक्य याआधी शंभर मयतांत ऐकलं होतं आणि कधी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. या वेळी तिने ते घट्ट धरून ठेवलं. मामा बसलाय, तोंडात क्वाय आहे, आणि कुणी त्याला उठवत नाही. एवढंच तिला त्याच्यासाठी हवं होतं.

आणि ऑक्टोबरात पिनशाई, त्यांच्या बँडचा साउंडवाला, हसतहसत तालमीच्या खोलीत आला. तिच्या डब्याला वायर जोडली आणि म्हणाला, "कॉंग दारि, तुझ्यासाठी भेट आणलीय. वाजव." डब्याच्या पडद्यावर नाव आलं होतं: रोस्टरवेल.

२

ती इतकी ओरडली की खालच्या मजल्यावरचा शिंपी वर बघायला आला.

"विचारलं होतंस त्याला?"

"विचारलं होतं गं. गेल्या वर्षी दुरुस्तीला ॲम्प माझ्याकडे आला होता ना, तेव्हा. हसले."

"मामा हसला?"

"हसल्यासारखे."

मामा हसायचा ते फक्त कुत्र्यांकडे बघून. पण ॲम्प पिनशाईकडे दुरुस्तीला गेला होता हे खरं होतं, आणि मेलेल्या माणसाला विचारून खात्री करता येत नाही, याचाच फायदा सगळे घेतात. महिनाभरावर मोठा महोत्सव होता, मावलाईसमोरच्या दरीपलीकडच्या मैदानात, आणि तिथे स्टेजवर ॲम्प आणायचाच नाही असा नियम होता. बाकीचा बँड तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने गिटार गळ्यात अडकवली आणि रागारागाने एक सूर छेडला.

मामाचाच आवाज होता तो. जरासा घोगरा, शेवटाला ओलसर. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला.

लायतुमख्राच्या एका कॅफेत, संध्याकाळी, ती पहिल्यांदा तो आवाज घेऊन लोकांसमोर वाजवायला उभी राहिली. लोक बोलायचे थांबले. कपबशांचा आवाजही थांबला. तिसऱ्या गाण्यात एक लांब सूर होता. तिने तो सोडला, तार विझत विझत गेली, आणि अगदी शेवटी, आवाज संपता संपता, कानात आलं: टक्.

तिला वाटलं वायर सैल आहे. पायाने चाचपली, घट्ट होती. पुढचा लांब सूर. टक्. थोडं थांबून, टक्. मग काहीतरी बारीक खरवडल्यासारखं.

कार्यक्रम संपल्यावर तिने पिनशाईला टेबलावरचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. सगळी गाणी ऐकली. सूर स्वच्छ विझत होते, त्यामागे काही नव्हतं.

"इअरफोन खराब असेल," पिनशाई म्हणाला.

"तुझ्या नकलेत आहे ते."

"अगं, नक्कल म्हणजे टेप नव्हे. यंत्र ॲम्पमध्ये ठरावीक आवाज सोडतं, समोरच्या माइकमधून परत काय येतं ते मोजतं, आणि मधल्या फरकाचं गणित तेवढं ठेवतं. गणितात टकटक कुठून राहील?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे तिलाही कळत होतं. तिने इअरफोन बदलले, वायर बदलली, डब्यातली दुसऱ्या ॲम्पची नक्कल लावून पाहिली. दुसऱ्या नकलेत काहीही नव्हतं. परत 'रोस्टरवेल' लावलं, एक सूर छेडून डोळे मिटले आणि वाट पाहिली.

टक्. टक्. जरा थांबून, चुन्याच्या डबीत काडी फिरवल्याचा आवाज.

या डोंगरात जन्मलेल्या कुणालाही तो आवाज सांगावा लागत नाही. लाकडी फळीवर सुरीने सुपारी कापत होतं कुणीतरी. एक फोड, दुसरी फोड, पानाला चुना, परत पहिल्यापासून.

३

"एवढं क्वाय कुणासाठी कापून ठेवलंस गं?" मेइने विचारलं. "कुणाचं बारसं आहे?"

स्वयंपाकघरातल्या फळीवर वाडगा होता. फोडी काठाच्या वर आल्या होत्या, शेजारी चुना लावून दुमडलेली पानं.

"मी नाही कापलं."

"बरोबर. शेजारच्या मांजराने कापलं."

"मेइ, मी काल दुपारभर तालमीला होते."

"असशील. पण दुपारी मधेच येऊन इथे वेताच्या मोढ्यावर बसली होतीस. पाठ माझ्याकडे. हाक मारली तर वळलीसुद्धा नाहीस. म्हटलं रागात असेल. हल्ली तू रागात नसतेस कधी?"

दारिहुन उभी होती ती खाली बसली. तालमीत काल दुपारभर तिने मामाचाच आवाज लावला होता. एकदाही दुसरा लावला नव्हता.

"तो मामा असेल," ती हळूच म्हणाली.

मेइने तोंडातलं क्वाय एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "मोतीबिंदू माझ्या डोळ्यात आहे, डोक्यात नाही. भाऊ कुठला आणि मुलगी कुठली एवढं मला कळतं." मग तिने मागच्या खोलीकडे मान वळवली. "त्याच्या चपला मात्र कोण हलवतं ते मला सांग. मी पलंगाखाली ठेवते. झाडायला जाते तेव्हा दारात असतात. नाकं बाहेर, निघाल्यासारख्या."

मामाच्या रबरी चपला. एकीचा पट्टा तुटला तेव्हा त्याने गिटारच्या तारेने बांधला होता, आणि तेव्हापासून चालताना ती एक चप्पल फटक फटक वाजायची. हाक आली की घरभर आधी ती चप्पल ऐकू यायची, मग मामा दिसायचा.

मेइला दिसत नाही धड. वाडगा कदाचित परवाचा असेल. चपला मेइच हलवत असेल आणि विसरत असेल, वय झालंय. दारिहुनने मनाशी हे सगळं नीट मांडून पाहिलं आणि त्यातलं एकही तिला पटलं नाही. तिच्या अंगठ्याच्या नखाखाली चुना होता. तिने तो मिठाने चोळून धुतला.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. मामा देवाघरी पोचलाच नाही. त्याला डब्यात कोंबलाय. जन्मभर राबवला, आता मेल्यावरही राबवतायत, आणि तो बिचारा तिथे बसून एकट्याने सुपारी कापतोय, कारण त्याला पुढे जाऊ देत नाहीत. आणि कोंबणारा कोण, तर ज्याच्या हातावर मामाने दर वेळी क्वाय ठेवलं तो पिनशाई! संतापाने तिला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. तिने दोनदा ती नक्कल पुसून टाकायला बोट नेलं आणि दोनदा मागे घेतलं. पुसली आणि आत मामा असला तर? पुसण्याआधी ती कुठे आणि कशी घेतली होती हे तिला कळायला हवं होतं.

४

महोत्सवाच्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं होतं. साउंडचेकला दारिहुन दुपारीच मैदानात पोचली. स्टेजमागे कनाती होत्या, चहाचे थर्मास, तांदळाच्या पुथारो भाकऱ्यांची टोपली, आणि इकडून तिकडे पळणारे स्वयंसेवक. एका कनातीत पिनशाई गुडघ्यांवर बसला होता. दिमापूरच्या एका बँडने जुना ॲम्प आणला होता, स्टेजवर न्यायला परवानगी नाही म्हणून त्याची नक्कल घ्यायचं काम चाललं होतं. समोर माइक उभा केलेला. पिनशाईने कानांवर मोठे हेडफोन चढवले, ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं आणि बटण दाबलं.

सूंऽऽऽ असा एक आवाज तळातून निघाला आणि चढत चढत गेला. मग खरखर. मग भराभर ठोके. मग पुन्हा सूंऽऽऽ.

दारिहुनच्या हातातला चहा तिच्या पायांवर सांडला.

हा आवाज तिने ऐकला होता. मार्चमध्ये. मामाला घेऊन सगळे दफनभूमीकडे गेले होते तेव्हा. अशा वेळी घर उघडं टाकून जात नाहीत. धाकट्या मुलीने मागे राहायचं, चूल पेटती ठेवायची, परतणाऱ्यांसाठी क्वाय कापायचं. ती स्वयंपाकघरात मोढ्यावर बसून एकामागून एक सुपारी कापत होती, काळ्या स्वेटरच्या बाहीला डोळे पुसत होती, आणि भिंतीपलीकडून, मामाच्या खोलीतून, अचानक सूंऽऽऽ करून हे सुरू झालं होतं. त्या खोलीतून असले चमत्कारिक आवाज तिने लहानपणापासून ऐकलेले. त्यामुळे काही आठवायच्या आत, सवयीने, तिच्या तोंडून हाक गेली होती:

"मामा?"

मग आठवलं. आवाज थांबला, कुणी ओ दिली नाही, आणि उठून बघायची तिची छाती झाली नाही. मान खाली घालून ती नुसती कापत राहिली. लोक परत आले तेव्हा ती कुणाला काही बोलली नाही. पाण्याच्या पाइपात हवा भरली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि नंतर तेच खरं धरलं.

५

तिने पिनशाईच्या कानांवरचे हेडफोन ओढून काढले.

"मामाच्या ॲम्पची नक्कल कुठे घेतलीस?"

"सांगितलं ना, दुरुस्तीला..."

"पिनशाई."

रागावली की ती नावाआधीचं 'बाह' गाळायची. त्याने दिमापूरच्या पोरांकडे पाहिलं, तिला कनातीबाहेर आणलं, आणि बुटाने गवत उकरत म्हणाला, "मातीच्या दिवशी. तुमच्याकडे. मागच्या दाराने आलो."

"मातीच्या दिवशी!"

"मग कधी येणार होतो? नक्कल घ्यायला शांतता लागते, खोलीत कुणी नको. दुरुस्तीला ॲम्प आला तेव्हा ते शेजारून हलले नाहीत, आणि कुणाच्या हाकेला गेले तरी केव्हा परततील नेम नसायचा. परत न येण्यासारखे एकदाच गेले." बोलून गेल्यावर त्याचा त्यालाच चेहरा पडला. "कॉंग, तो आवाज त्यांच्याबरोबर गेला असता. ते व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत. मी चोरी म्हणून नाही केलं. घर रिकामं होतं, म्हटलं कुणाला त्रास नाही."

"घर रिकामं नव्हतं."

"सगळे तर..."

"मी होते! भिंतीपलीकडे. क्वाय कापत होते. तुझं ते भूत ओरडायला लागलं तेव्हा मी मामाला हाक मारली."

"हेडफोन होते माझ्या कानांवर," तो म्हणाला. "आणि असली तरी तुझी हाक त्यात बसणार नाही. फक्त गणित..."

"मग मला माझीच सुरी का ऐकू येते?"

हे तिने आत्ता पहिल्यांदा उच्चारलं. आपला आवाज टेपवर ऐकला की ओळखू येत नाही, तसंच झालं होतं. टक्, टक्, काडी. ती तशीच कापायची. मामा फोडी करून झाल्यावर मग एकदम सगळ्या पानांना चुना लावायचा. इतके दिवस ती मामासाठी भांडत होती, आणि मोढ्यावर बसलेली ती स्वतः होती.

"मामाला विचारलं नाहीस. ठीक आहे, तो मेला होता, तुला सोयीचं झालं. मी तर जिवंत होते ना रे? मला विचारलंस?"

"मला माहीतच नव्हतं तू आहेस."

"माहीत करून घ्यायला दार उघडावं लागतं!"

लोक बघायला लागले होते. त्याने लॅपटॉप आणला आणि तिच्यासमोर ती नक्कल पुसली. तिच्या डब्यातलीही तिने स्वतःच्या बोटाने पुसली. पडद्यावरून नाव गेलं. तिला थोडा मोकळा श्वास घेता आला, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की पिनशाई अजून तिच्याकडे बघत नाहीये.

"अजून कुणाला दिलीस?"

"मागितली त्यांना."

"कुणाकुणाला?"

"ग्रुपवर टाकली होती. आयझॉल, कोहिमा, दिमापूर... कॉंग, लोक वेडे झाले त्या आवाजाने. अख्ख्या डोंगरात त्यांचं नाव झालंय. त्यांना आवडलं असतं."

"त्याला काय आवडलं असतं ते तू मला शिकवू नकोस. त्याला एकदा तरी ताटावर शेवटचा घास खाऊ दिला का तुम्ही लोकांनी? आज इथे किती जण वाजवतायत ती?"

"दोन बँड," पिनशाई म्हणाला. "बहुतेक तीन."

ती त्या दोन-तीन बँडना शोधत कनातीकनातीतून फिरली. जो तो डबा उघडून बसलेला. एकाने ऐकून घेतलं आणि हसला. दुसरा म्हणाला, "फार सुंदर आवाज आहे, ताई, तुमचे नातेवाईक का? भाग्यवान आहात." तिसऱ्याने स्वयंसेवकाला बोलावलं. दारिहुनच्या बँडची गायिका बालारी तिच्या मागे धावत आली, संध्याकाळी वाजवणार आहेस की नाही एवढं सांग म्हणून. दारिहुनने गिटार तिच्या हातात दिली आणि रस्त्यावर येऊन मावलाईची टॅक्सी पकडली.

६

घरी मेइ नव्हती. चर्चमध्ये बायकांची सभा होती, दार नुसतं लोटलेलं होतं.

दारिहुन आधी मामाच्या खोलीत गेली. ॲम्प भिंतीशी होता तसाच, वर मेइने टाकलेला टॉवेल. वायर प्लगमधून काढून गुंडाळून ठेवलेली. तिने पेटीला हात लावला. थंड. चपला दारात होत्या, नाकं बाहेर. तिने त्या उचलल्या, पलंगाखाली अगदी भिंतीपर्यंत सरकवल्या आणि पडदा सारखा करून स्वयंपाकघरात आली.

स्वयंपाकघरात मोढा होता, समोर फळी, फळीवर सुरी. तिने सुरी खणात टाकली आणि खणाला कडी घातली. मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. पाच वाजायच्या आत इथे सूर्य टेकडीमागे जातो. पलीकडच्या मैदानातले दिवे लागले होते, आणि दरीवरून गर्दीचा आवाज येत होता, कमीजास्त होत.

तिने सगळं पुन्हा एकदा मनाशी मांडलं. गणितात हाक बसत नाही. आणि बसली तरी काय? नुसती हाक. त्या दिवशी कुणी ओ दिली नव्हती, तेव्हा हाकेने काय होणार होतं?

पण ती कुणाला होती, हे तिला माहीत होतं. आणि हाक आली की तो कसा उठायचा, हेही. कोहिमात कुणी पोराने सराव केला की हाक. आयझॉलला कुणी डबा लावला की हाक. एका दिवसात किती वेळा, आणि महिनाभर. ती मामाची सुटका करायला निघाली होती, आणि त्याला उठवत होती तीच.

दरीपलीकडे कुणीतरी पहिला सूर छेडला. जरासा घोगरा, शेवटाला ओलसर. गर्दीतून शिट्ट्या उठल्या.

मामाच्या खोलीतून, पडद्यामागून, सूंऽऽऽ करून आवाज सुरू झाला आणि चढत गेला.

या वेळी नाही. दारिहुनने खांद्यावरच्या शालीचं टोक गोळा केलं, तोंडात कोंबलं आणि वरून दोन्ही हात दाबून धरले. काय वाटेल ते होवो, आपण हाक मारायची नाही. खरखर झाली. भराभर ठोके झाले. तिच्या घशातून काहीही बाहेर आलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, भीतीने नव्हे, रागाने. कुणाला कुणी विचारत नाही, कुणी दार उघडून बघत नाही, घेतात आणि घेऊन जातात!

टक्.

आवाज तिच्या मागून आला होता. खणाला कडी होती. टक्. मग डबीत काडी फिरली.

तिने मान वळवली, पूर्ण नाही, जेमतेम. मोढ्यावर कुणीतरी बसलेलं होतं. पाठमोरं. काळा स्वेटर, वाकलेली मान, भराभर चालणारा उजवा हात. खांदे हुंदक्याने वर आले, बाही डोळ्यांकडे गेली, आणि त्या पाठीने श्वास घेतला.

"मामा?"

शाल अजून दारिहुनच्या तोंडात होती.

खोलीतला आवाज थांबला. पलंग करकरला, एखादं म्हातारं माणूस कोपरावर जोर देऊन उठतं तसा. मग पलंगाखाली चपला शोधायची खुडबुड झाली, बराच वेळ, कारण त्या पार भिंतीपर्यंत ढकललेल्या होत्या. मग फटक, फटक, एकीचाच आवाज, पडद्यापर्यंत. पडदा पुढे फुगला. त्याच्या कडेला चार बोटं दिसली, कापड बाजूला करता करता मधेच थांबलेली. त्याचा आवाज तिने महिनोनमहिने ऐकला नव्हता. इतका दमलेला तर तो जिवंतपणी कधीच नव्हता.

"आता काय गं, दारि? आत्ताच तर येऊन गेलो."

दरीपलीकडे टाळ्या पडल्या, आणि त्याच बँडने दुसरं गाणं सुरू केलं. मोढ्यावरच्या पाठीने पुन्हा श्वास घेतला.